पायची सही आणि माझा हरवलेला दिवस

आज थोडा इतिहास सांगणार आहे, पण सुरुवात माझ्याच फजितीपासून करावी लागेल.

साकोली तालुक्यातल्या तीन मालगुजारी तलावांवर मी पाण्याची पातळी नोंदवणारे लॉगर बसवले होते. दर ५ सेकंदांनी एक ओळ: तारीख, वेळ, दाब, तापमान, बॅटरी. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंतचा सगळा डेटा मी एकाच फाइलीत बांधला. आधी टार करून गाठोडं, मग बीझिपटूने दाबून लहान. जवळपास ३७० एमबीचं ३८ एमबी झालं. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फाइली उडवल्या आणि पेन ड्राइव्हवरची एकच प्रत ठेवली. (हो, मला माहीत आहे. पुढे वाचा.)

डिसेंबरात फाइल उघडायला गेलो तर टर्मिनलने अर्ध्यातच काम सोडलं. डेटाच्या अखंडतेत चूक आहे, सीआरसी जुळत नाही, असा संदेश. एक अख्खा पावसाळा गेला असं वाटलं. त्या रात्री मी जेवलो नाही हे सांगायला लाज नाही.

डेटा परत आला. सगळा नाही, पण बराचसा आला. तो का आला आणि दुसऱ्या एखाद्या प्रकारच्या फाइलीतून का आला नसता, हे शोधता शोधता मी ७०-७५ वर्षं मागे गेलो. तुमच्यापैकी बरेच जण लवकरच स्वतःचा डेटा गोळा करायला लागाल, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात क्लॉड शॅननपासून करू. १९४८ साली बेल लॅब्जच्या तांत्रिक नियतकालिकात त्याचा संदेशवहनाच्या गणितावरचा लेख आला. त्यात दोन प्रश्न शेजारी शेजारी आहेत. संदेश जास्तीत जास्त किती आखूड करता येईल? आणि गोंगाटातून तो बिनचूक कसा पोचवता येईल? पहिल्याचं उत्तर म्हणजे पुनरुक्ती काढून टाका. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे पुनरुक्ती घाला, पण हिशेबाने घाला. समजा एखाद्या जुन्या पाटीवर "भं_रा जिल्हा" एवढंच उरलंय. तुम्ही ते भंडारा वाचताच, कारण आपल्या भाषेत गरजेपेक्षा जास्त माहिती असते. कॉम्प्रेशन नेमकी तीच जादा माहिती खरवडून काढतं. म्हणून साध्या मजकुरात एक बाइट बिघडला तर एक अक्षर जातं, आणि दाबलेल्या फाइलीत एक बाइट बिघडला तर पुढचं सगळंच जाऊ शकतं. जागा वाचवली की सहनशक्ती जाते. पुढची सगळी गोष्ट हा सौदा कोणी कुठे कसा केला, याचीच आहे.

सहनशक्ती वाढवण्याची बाजू आधी पुढे गेली. बेल लॅब्जमध्येच रिचर्ड हॅमिंग रिलेवर चालणाऱ्या यंत्रावर शनिवार-रविवारी आपली गणितं लावून जायचा. कोणी माणूस हजर नसे. यंत्राला चूक सापडली की ते ते काम सोडून पुढचं घ्यायचं. सलग दोन आठवडे सोमवारी येऊन बघतो तर काम झालेलंच नाही. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, मग ती कुठे झाली हे कळून ती दुरुस्त का होऊ नये, या चिडीतून त्याचा १९५० चा लेख आला आणि चूक सुधारणारे कोड जन्मले. सोमवारी लॅबमध्ये येऊन बंद पडलेला रन बघितलेल्या कोणालाही ही चीड ओळखीची वाटेल.

इथे आपल्या भागाचा एक धागा येतो आणि तो मला फार आवडतो. राजचंद्र बोस यांचा जन्म १९०१ चा, होशंगाबादचा. शरदचंद्र श्रीखंडे यांचा १९१७ चा, सागरचा. भंडारा तेव्हा याच सेंट्रल प्रोव्हिन्सेसमध्ये होतं आणि राजधानी होती नागपूर. श्रीखंडे नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकले, तिथेच त्यांनी शिकवलं, आणि १९५० मध्ये अमेरिकेत चॅपेल हिलला बोस यांच्याकडे पीएचडी पूर्ण केली. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचं जवळपास पावणेदोनशे वर्षं टिकलेलं अनुमान खोटं ठरवलं आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी कोड कसे रचायचे यावरही एक लेख लिहिला, हॅडामार्ड मॅट्रिक्सशी त्याचं नातं दाखवणारा. पुढच्याच वर्षी बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्र राय-चौधुरी यांनी एकाहून जास्त चुका सुधारणाऱ्या कोडचं अख्खं कुटुंब मांडलं. फ्रान्समध्ये ऑकेंगेम यांनी ते एक वर्ष आधी स्वतंत्रपणे शोधलं होतं, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून बीसीएच कोड. चहाच्या टपरीवर डाग पडलेला क्यूआर कोड तुमचा फोन तरी वाचतो ना? त्यात बीसीएचही असतो आणि रीड-सॉलोमन हा १९६० चाच दुसरा कोडही.

म्हणजे दुरुस्तीचं गणित १९६० पर्यंत तयार होतं. तरी रोजच्या वापरातल्या दाबलेल्या फाइलींमध्ये ते आलं नाही. तिथे आली ती फक्त तपासणी, म्हणजे सीआरसी. वेस्ली पीटरसनने १९६१ मध्ये ती मांडली. सीआरसी म्हणजे डेटावरून काढलेली छोटी बेरीज समजा, हिशेबाच्या वहीतल्या ताळ्यासारखी. ताळा जुळला नाही की चूक आहे एवढं कळतं. कुठे आहे ते कळत नाही. हॅमिंगची मूळ तक्रार आपण फाइलींच्या बाबतीत पुन्हा ओढवून घेतली म्हणायची!

आता दाबण्याची बाजू. १९७७ आणि १९७८ मध्ये याकोव्ह झिव आणि अब्राहम लेम्पेल यांचे दोन लेख आले. पहिल्यातली कल्पना सोपी आहे. आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहू नका, फक्त "इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके उचला" असं लिहा. माझ्या लॉगरच्या फाइलीत दर ओळीला तीच तारीख. दुसऱ्या ओळीपासून ती लिहायची गरजच नाही. टेरी वेल्चने १९८४ मध्ये दुसऱ्या लेखावरची सुधारणा छापली, युनिक्सचं कॉम्प्रेस त्यावरच बनलं, आणि मग पेटंटचं झेंगट लागलं. त्यातून सुटण्यासाठी झाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ ला जीझिपची पहिली आवृत्ती सोडली. आतली पद्धत डिफ्लेट, म्हणजे फिल कॅट्झच्या पीकेझिपमधली.

जीझिपची रचना नीट बघा, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांचा डेटा आत्ता त्यातच असणार. फाइल एका दमात, पुढून मागे वाचत लिहिता यावी, मध्ये कुठे मागे फिरावं लागू नये, अशी ती आहे. म्हणून सीआरसी एकच, अगदी शेवटी. मधल्या प्रत्येक तुकड्याचा अर्थ मागच्या ३२ केबीपर्यंतच्या मजकुरावर टेकलेला. मध्ये काही बिट बिघडले की दोन गोष्टी होतात. एक, पुढचं कोडवाचन घसरतं, कुठला संकेत कुठे संपतो तेच कळत नाही. दोन, घसरलेलं वाचन पुन्हा रुळावर आलं तरी "मागे जा आणि उचला" या सूचना बिघडलेल्या मजकुरातूनच उचलत राहतात. जीझेड-रिकव्हर नावाचं एक साधन आहे. ते बिघडलेला भाग ओलांडून पुढे वाचता येईल अशी जागा चाचपडत शोधतं आणि मिळेल ते बाहेर काढतं. कधी बरंच मिळतं. पण मिळालेलं बरोबर आहे का, हे सांगणारी मधली खूण फाइलीत मुळातच नसते. प्रबंधात असा डेटा वापरताना माझा तरी हात थरथरेल.

झिपची गोष्ट वेगळी. कॅट्झचं पीकेझिप १९८९ चं, फ्लॉपीच्या जमान्यातलं. त्यात प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबलेली, प्रत्येकीच्या आधी तिचं नाव सांगणारा छोटा मथळा, आणि सगळ्यात शेवटी अनुक्रमणिका. डाउनलोड अर्ध्यात तुटला की अनुक्रमणिकाच जाते आणि संगणक म्हणतो ही झिप फाइलच नाही. पण आतला माल शाबूत असतो. झिपच्या कमांडला दोन एफचा पर्याय दिला की ती अनुक्रमणिकेवर विसंबत नाही, सगळी फाइल चाळून एकेक मथळा शोधते आणि नवी यादी बांधते. दुरुस्तीचं साधन पीकेझिपसोबत सुरुवातीच्या काळातच मिळायचं, यावरून तेव्हाच्या फ्लॉपींचा भरवसा काय होता ते समजा. कॅट्झ एप्रिल २००० मध्ये ३७ व्या वर्षी गेला. रोज कोट्यवधी लोक वापरतात ती अक्षरं, पी आणि के, अजून प्रत्येक झिप फाइलीच्या सुरुवातीला असतात. त्याचीच आद्याक्षरं ती.

आता माझी फाइल, म्हणजे बीझिपटू. तिच्या मुळाशी डेव्हिड व्हीलर. केंब्रिजमधली त्याची १९५१ ची पीएचडी संगणकशास्त्रातली जगातली पहिली मानतात. १९८३ मध्ये त्याला एक चमत्कारिक युक्ती सुचली: मजकुराची अक्षरं अशा क्रमाने लावायची की सारख्या संदर्भातली अक्षरं एकत्र येतील, आणि तरी त्यावरून मूळ मजकूर परत बांधता येईल. ती छापायला १९९४ उजाडलं, मायकेल बरोजसोबत, आणि तेही एका कंपनीच्या संशोधन अहवालात. अकरा वर्षं! तुमचा पेपर सहा महिने रखडला म्हणून खचू नका.

या युक्तीची एक अट आहे. मजकुराचा तुकडा अख्खा हातात असल्याशिवाय क्रम लावता येत नाही. सगळी फाइल एकदम घ्यायची तर तेवढी मेमरी लागणार, आणि १९९० च्या दशकात ती कुठून आणणार? म्हणून ज्युलियन सेवर्डने १९९६ मध्ये बीझिपटू सोडलं तेव्हा त्यात ठरावीक आकाराचे ब्लॉक होते. लहानात लहान १,००,००० बाइट, मोठ्यात मोठा ९,००,०००. प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र, मागच्याशी काही देणंघेणं नाही. आपल्याकडच्या धानाच्या बांध्यांसारखं. एका बांधीचा धुरा फुटला तर त्या बांधीचं नुकसान, शेजारची वाचते.

पण नुसते वेगळे ब्लॉक पुरत नाहीत. बिघडलेल्या ब्लॉकपलीकडे पुढचा कुठे सुरू होतो, हे कळायला हवं. सेवर्डने प्रत्येक ब्लॉकच्या तोंडाशी ४८ बिटांची खूण ठेवली आणि त्या ब्लॉकचा स्वतःचा ३२ बिटांचा सीआरसी. ती खूण म्हणजे ३१४१५९२६५३५९. ओळखलंत? पाय! आणि फाइलीच्या शेवटी १७७२४५३८५०९०, म्हणजे पायचं वर्गमूळ. यात गंमत आहेच, पण व्यवहारही आहे. ४८ बिटांचा विशिष्ट नमुना योगायोगाने एखाद्या जागी येण्याची शक्यता सुमारे २८१ लाख कोटींत एक. म्हणजे पाय दिसला की तिथे ब्लॉक सुरू होतो असं निर्धास्त मानता येतं.

बीझिपटू-रिकव्हर ही कमांड एवढंच करते. फाइल पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत चाळते. बाइट नाही, बिट, कारण ब्लॉक बाइटच्या मधूनही सुरू होऊ शकतो. पाय सापडला की तिथून पुढच्या पायपर्यंतचा भाग कापून वेगळी छोटी फाइल करते. नावापुढे "रेक" आणि पाच आकडी क्रमांक लागतो. नाव रिकव्हर असलं तरी दुरुस्त ती काहीच करत नाही. फक्त वेगळं करते. बिघडलेला ब्लॉक गेला तो गेलाच. फाइल लहान असेल, एकच ब्लॉक असेल, तर ही कमांड चालवण्यात अर्थ नाही.

मी आधी पेन ड्राइव्हची पूर्ण प्रतिमा काढली. हे पाऊल चुकवू नका, बिघडलेल्या माध्यमावर थेट काम करू नका. त्यासाठी डीडी-रेस्क्यू नावाचं साधन आहे. मग रिकव्हर चालवलं. ४१२ तुकडे पडले. प्रत्येकावर बीझिपटूचा तपासणीचा पर्याय चालवला. ४१० ठीक, २ बिघडलेले. ठीक असलेले तुकडे क्रमाने उलगडून एकामागे एक जोडले. त्या रात्री मात्र जेवलो.

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, अर्धंच काम झालंय. जोडून तयार झाली ती टार फाइल, आणि टार हे १९७९ च्या युनिक्समधलं, टेपसाठी बनवलेलं गाठोडं. त्यात सगळं ५१२ बाइटांच्या मापात बसलेलं असतं. मधले दोन ब्लॉक गळाल्यावर माप सरकलं आणि टार पहिल्याच खिंडाराशी अडलं. इथे सीपीआयओ हे आणखी जुनं साधन कामी आलं. तेही टारचं गाठोडं वाचतं आणि चुकीशी न अडता पुढचा मथळा शोधत जातं. बाकीच्या फाइली अशा निघाल्या.

उरले ते तुकडे ज्यांचा मथळाच गळालेल्या ब्लॉकमध्ये होता. मजकूर समोर दिसतोय, प्रत्येक ओळीवर तारीख आहे, वेळ आहे. पण हा कुठल्या तलावाचा? लॉगरचा क्रमांक मी फक्त फाइलीच्या नावात ठेवला होता आणि नाव मथळ्यात होतं. सेवर्डने प्रत्येक ब्लॉकवर सही केली होती. माझ्या ओळींवर सही नव्हती. शेवटी बॅटरीच्या आकड्यावरून जुळवलं. तीन लॉगरच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या वेगाने उतरत होत्या, त्यामुळे आदल्या दिवशीच्या शेवटच्या आकड्याशी ताळा बसला. दोन दिवस त्यात गेले.

दोन ब्लॉक म्हणजे माझ्या डेटात साधारण दोन लॉगर-दिवस. त्यातला एक ऑक्टोबरातला, पाणी संथ असलेला, त्याचं दुःख नाही. दुसरा नेमका ऑगस्टमधल्या त्या रात्रीचा, जेव्हा खालच्या तलावाचा सांडवा पहिल्यांदा वाहिला. माझ्या अख्ख्या एका प्रकरणाचा मुद्दा त्या रात्रीवर आहे. ब्लॉक लहान ठेवले असते, म्हणजे दाबताना ९ ऐवजी १ हा पर्याय दिला असता, तर नुकसान नवव्या हिश्श्याच्या आसपास राहिलं असतं. ३८ एमबीची फाइल थोडी मोठी झाली असती, एवढंच. बीझिपटूच्या माहितीपुस्तिकेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ती डिसेंबरात वाचली.

दोन बिघडलेल्या प्रती असत्या तरी चाललं असतं. अंतोनियो दियाझ दियाझ याने २००८ मध्ये एलझिप नावाचं स्वरूप काढलं आणि त्यासोबत एलझिप-रिकव्हर. ते एकाच फाइलीच्या दोन-तीन बिघडलेल्या प्रती एकत्र करून एक चांगली बांधतं, बिघाड वेगवेगळ्या जागी असले तर. एखादाच बाइट बिघडला असेल तर तो खरोखर दुरुस्तही करतं. मी वर सांगितलेलं डीडी-रेस्क्यूही याच माणसाचं. आणि पार-टू हे साधन तर कुठल्याही फाइलीशेजारी रीड-सॉलोमनची जादा माहिती ठेवतं. १९६० चं गणित फाइलीच्या आत आलं नाही, तर आपण ते बाजूला ठेवू शकतो. सध्या माझ्या प्रत्येक गाठोड्याशेजारी १० टक्क्यांची पार-टू असते.

त्या ऑगस्टच्या रात्रीचं काय केलं? वरच्या तलावाचा लॉगर चालू होता, आधीचे नि नंतरचे आकडे होते. मधली रेषा ओढणं पाच मिनिटांचं काम. मोह झाला, खोटं कशाला बोलू. गाईड म्हणाले, "रेषा ओढलीस तर ती तुझी रेषा, तलावाची नाही." आलेखात तिथे आता करडी पट्टी आहे आणि खाली एका ओळीत कारण: साठवण माध्यमातील बिघाड, एक ब्लॉक अप्राप्य. त्या प्रकरणातला सांडव्याचा मुद्दा आता वरच्या तलावाच्या नोंदी आणि गावातल्या दोन माणसांनी सांगितलेली वेळ यांवर उभा आहे, आणि तसा तो कमकुवत आहे हेही तिथेच लिहिलंय.

यंदाच्या जूनसाठी लॉगरचा प्रोग्रॅम बदललाय. प्रत्येक ओळीचा पहिला रकाना आता तलावाचा क्रमांक आहे.